शेऱ्याच्या रकान्यात

मी टेलिफोन ऑपरेटर होते. नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये एका लांबलचक बोर्डापुढे आम्ही बारा-चौदा जणी ओळीने बसायचो. कानावर हेडफोन, समोर शेकडो भोकं, हाताशी दोऱ्या. बाहेरगावचा कॉल आला की दिवा लागायचा. दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं, "नागपूर, बोला" म्हणायचं, हवा तो नंबर जोडून द्यायचा आणि चिठ्ठीवर वेळ लिहायची. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून तसं सांगायचं.

आवाज नीट जातो की नाही हे बघायला प्रत्येकीपुढे एक खटका होता. तो पुढे सारला की दोन्हीकडचं बोलणं ऐकू यायचं आणि बोलणाऱ्यांना पत्ता लागायचा नाही. क्षणभर ऐकून खटका मागे घ्यायचा, असा नियम होता. आम्ही तो पाळायचो, पण नेहमी नाही. दुपारी काम कमी असलं की कुणीतरी एखादी भांडणारी जोडी ऐकायची आणि नंतर डबा खाताना हसत हसत सांगायची. मीही ऐकलेलं आहे. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा मनात आलं नव्हतं, कारण ती माणसं आमच्यासाठी माणसं नव्हती, नुसते आवाज होते.

आमचं घर इंदोऱ्यात. छप्पनच्या दीक्षेच्या वेळी मी आठ वर्षांची होते, बाबांच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहिलेली आठवते. बाबा कापडगिरणीत होते, युनियनचं काम करायचे, आणि त्यापायी त्यांना दोनदा कामावरून काढलं होतं. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. घराण्यात पहिली सरकारी नोकरी माझी. ती मिळाली त्या दिवशी बाबांनी नेमणुकीचा कागद शेजारीपाजारी नेऊन दाखवला होता, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना स्वतः वाचून दाखवला होता.

आणीबाणी लागून काही महिने झाले होते. एका दुपारी आमच्या सुपरवायझर बाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तिथे एक साहेब बसले होते. साधा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, बोलणं अगदी गोड. कुठल्या खात्याचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि सुपरवायझर बाईंनीही सांगितलं नाही. त्यांनी एका कागदावर एक नंबर लिहून माझ्यापुढे सरकवला.

"या नंबरवर येणारे-जाणारे सगळे ट्रंक कॉल तुमच्या बोर्डावर येतील. तुम्ही ऐकायचे. काय बोलणं झालं ते या वहीत लिहायचं."

वहीत रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, गाव, बोलणाऱ्याचं नाव, बोलण्याचा मजकूर, आणि शेवटी शेरा.

मी विचारलं, "साहेब, त्यांना माहीत आहे का?"

ते हसले. "सांगून ऐकायचं, तर मग ऐकायचं कशाला?"

सुपरवायझर बाईही हसल्या, पण त्यांचं हसू लगेच विझलं.

नंबर हनुमाननगरातल्या एका वकिलांचा होता. वकील दोन महिन्यांपासून घरी नव्हते. कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं, निदान फोनवर तरी कुणी बोललं नाही. घरात त्यांची बायको एकटीच होती. नातेवाइकांचे कॉल यायचे. तब्येत कशी आहे, गॅस मिळाला का, असलंच बोलणं. मी ते सगळं इमानेइतबारे लिहीत होते.

त्या नंबरवर पंधरा दिवसांतून एकदा, गुरुवारी दुपारी, रायपूरच्या पलीकडच्या एका लहान गावाहून कॉल यायचा. तो वकिलांसाठी नसायचा. शेजारी ब्लाउज शिवणारी एक विधवा बाई राहायची, तिच्यासाठी असायचा. वकिलांची बायको खिडकीतून हाक मारायची, बाई शिलाई टाकून धावत यायची, आणि मला आधी तिचा धापा टाकणारा श्वास ऐकू यायचा. पलीकडे तिची लेक. नवऱ्याच्या दुकानातून बोलायची.

"दही कसं लागून राहिलं वं?" आई विचारायची.

"चांगलं लागते. घट्ट."

"आंबट तं नाही होत?"

"मागच्या हप्त्यात झालं थोडं."

मग कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, एवढं होईपर्यंत तीन मिनिटं संपायची. पुढच्या वेळी पुन्हा दही. "या वेळी दूध नासलं, आई. दोनदा नासलं." आईचा श्वास थांबायचा. मग ती म्हणायची, "भांडं जपून ठेव, बाई. विरजण लागलं तं सांगजो."

मी हे जसंच्या तसं लिहीत होते. मला त्याचा कंटाळा यायचा. एकदाच वेगळं घडलं. त्या दिवशी लेकीने "आई" एवढंच म्हटलं आणि ती रडायला लागली. बहुधा नवरा दुकानातून बाजूला गेला असावा. आईने तिला काही विचारलं नाही. ती गल्लीतल्या बातम्या सांगत राहिली, कुणाची गाय व्याली, कुणाच्या अंगणातल्या संत्र्याला बहार आला, एकामागून एक, आवाज अजिबात न कापू देता. तीन मिनिटं झाली तेव्हा मध्ये बोलायचं मला जमलं नाही. मी त्यांना आणखी थोडं बोलू दिलं. वहीत लिहिलं, "घरगुती बोलणं."

पुढच्या आठवड्यात साहेब आले आणि वही चाळत बसले. दह्याच्या ओळींवर त्यांचं बोट थांबलं.

"दर वेळी दही?"

"हो साहेब."

"इतक्या लांबच्या गावाहून ट्रंक कॉल करून कुणी विरजणाची गोष्ट करतं का? त्या गावात गवळी नाहीत?"

 त्यांचं म्हणणं मलाही बरोबर वाटलं. इतके दिवस ते माझ्या लक्षात कसं आलं नाही, याचीच भीती वाटली.

"वकील फरार. त्याच्याच फोनवर ही भाषा. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही कळत नाही, साहेब."

त्यांनी वही बंद केली, पुन्हा उघडली आणि अगदी सहज विचारलं, "तुमचे वडील गिरणीत होते ना? युनियनमध्ये? आता कसे आहेत?"

मी त्यांना बाबांबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.  त्या दिवसांत बाबांच्या ओळखीची दोन माणसं घरून उचलून नेली होती, आणि ती कुठे आहेत ते त्यांच्या बायकांनाही माहीत नव्हतं.

"बरे आहेत," मी म्हटलं.

"छान. शेऱ्याचा रकाना तुम्ही रिकामाच सोडता. ऐकणाऱ्याचं मत हवं असतं आम्हाला."

मी पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "सांकेतिक भाषा असावी." माझ्या अक्षरात, शाईने. खाली सही केली. साहेबांनी ती ओळ वाचली, मान हलवली आणि निघून गेले.

त्या दिवसापासून मला एक नवीन सवय लागली. बोलण्याआधी मागे वळून पाहायची. बर्डीला बस बदलताना शेजारी कुणी उभं राहिलं की मी मैत्रिणीशी बोलायची थांबायचे. घरी रेडिओ मोठा करून बाबांशी बोलायचे. बाबा म्हणायचे, "काहून अशी करून राहिली वं? मले काय ऐकू येत नाही का?" मी म्हणायचे, डोकं दुखतं. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, त्यामुळे त्यांना काही सांगता येत नव्हतं. बाबांचे जुने मित्र भेटायला आले की मी दार लावून घ्यायचे आणि ते कधी जातात याची वाट पाहत राहायचे.

पुढचा गुरुवार आला. कॉल आला, पण या वेळी लेकीचा आवाज नव्हता. एक पुरुष बोलत होता.

"सासूबाई, काल पोलीस येऊन गेले दुकानात. चार लोकांसमोर मले विचारून राहिले होते, दह्याचा अर्थ काय म्हणून. आता तुम्हीच सांगा. काय अर्थ आहे?"

इकडून बाईचा नुसता श्वास.

"माझ्या दुकानातून, माझ्यासमोर, तुम्ही मायलेकी मलेच मूर्ख बनवत होत्या? तिनं सांगितलं मले सगळं. सांगावंच लागलं तिले."

मागून, लांबून, लेकीचा आवाज आला. "आई, विरजण संपलं! विरजण..." काहीतरी आपटलं आणि लाइन गेली.

माझ्या हातात दोरी तशीच राहिली. आंबट म्हणजे मार, नासणं म्हणजे बेदम मार आणि विरजण मागणं म्हणजे 'मला घ्यायला ये', हे सगळं मला एका क्षणात कळलं. जी गोष्ट शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला कळू नये म्हणून त्या दोघींनी दह्यात लपवून ठेवली होती, ती माझ्या एका ओळीने त्याच्या दारात नेऊन ठेवली होती. त्या मुलीला या घडीला काय होत असेल, हे मला इथे बसून कळत होतं, आणि मी उठूही शकत नव्हते. पुढचा दिवा लागला. मी "नागपूर, बोला" म्हटलं.

वहीत लिहिलं, "आवाज अस्पष्ट. मजकूर समजला नाही." नोकरीतलं माझं पहिलं खोटं.

संध्याकाळी घरी गेले ती चप्पल न काढताच बाबांसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. सहीचा कागद, साहेब, वही, तो शेरा. साहेबांनी त्यांचं नाव काढलं होतं, हेही. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. मध्ये एकदा उठले, दार लावलेलं असतानाही कडी तपासली आणि परत बसले.

"म्हणजे तू माह्यासाठी लिहिलं ते," ते म्हणाले.

"हो."

"मले विचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं."  मग म्हणाले, "त्या बाईले माहीत आहे का, पोलीस काहून गेले ते?"

"नाही."

"मंग ती घरात बसून भीत असन. आपल्यालेच पकडतीन म्हणून लेकीकडं जायची हिंमत करत नसन. तू तिले सांगून ये."

"बाबा, नोकरी जाईल. आणखी काय काय होईल."

"मी येतो संग," ते म्हणाले, आणि सदरा घालायला लागले.

हनुमाननगरात ती खोली शोधायला वेळ लागला नाही. दारात शिलाईचं मशीन होतं, त्याच्या सुईखाली अर्धं शिवलेलं ब्लाउज तसंच अडकलेलं होतं. बाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिला प्रथमच पाहत होते. आवाजावरून मला ती उंच वाटली होती. प्रत्यक्षात अगदी लहानखुरी.

मी म्हटलं, "मी टेलिफोनमधून आले."

"फोन वकीलबाईकडं आहे," ती म्हणाली.

"तुमच्याकडेच आले. तुमचं बोलणं मी ऐकत होते."

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. फोन वकिलांमुळे ऐकला जात होता, त्यात तुम्ही सापडल्या, पोलीस माझ्या लिहिण्यामुळे गेले. 

"किती दिवस झाले?"

"चार महिने."

"सगळं?"

"सगळं."

"आमी इतकं लपवून बोलत होतो," ती हळू आवाजात म्हणाली, "अन् तुमी तिथं बसून होत्या." मग एकदम तिचा आवाज चढला. "मले एकदा तरी सांगाचं असतं! मी फोनच घेतला नसता! मी पायी गेली असती लेकीकडं!"

बाबा दाराबाहेर उभे होते. ते आत आले, हात जोडून म्हणाले, "बाई, रागवा, पण उद्या. आज गाडी पाहू. मी येतो तुमच्यासंग. पोलीस तुमच्यासाठी नाही आले, वकिलासाठी आले. तुमाले कोणी पकडत नाही."

"खरं?" तिने मला विचारलं.

ते खरं आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती दोघं गेली. मी रजा घेतली तर कुणाच्या तरी लक्षात येईल, म्हणून मी कामावर जायचं असं बाबांनीच ठरवलं. जाताना त्यांनी बजावलं, "मी फोन करणार नाही. माहा आवाज तिथं नको." मी डबा घेऊन बोर्डावर बसले. तो दिवस गेला, काही खबर आली नाही. घरी जाऊन मी दोन माणसांचा भात टाकला आणि तो तसाच राहिला. म्हाताऱ्या माणसाला परक्या गावात पाठवलं, तिथे त्यांना दुकानात मारलं असेल, की ठाण्यात बसवलं असेल? बाबांचं नाव तिथे कुणी विचारलं तर ते खरंच सांगणार, एवढं मला माहीत होतं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी साहेब आले. या वेळी आतल्या खोलीत न जाता त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि दुसरा हेडफोन कानाला लावला. "तुम्हाला मजकूर समजला नाही म्हणे. आज मी ऐकतो."

बरोबर पंचवीस मिनिटांनी दिवा लागला. तिकडच्या मोठ्या स्टेशनवरून कॉल होता, वकिलांच्या नंबरसाठी. मी जोडला. 

"वकीलबाई, मी बोलते," शिवणाऱ्या बाईचा आवाज आला. "पोरगी भेटली. घेऊन येऊन राहिली मी. मनगट मोडलं आहे तिचं, पण चालते-बोलते. खोलीची चावी तुमच्याकडं आहे, जरा दिवा लावून ठेवजा."

"अगं बाई, मनगट?" वकिलांची बायको म्हणाली.

"घरी आल्यावर सांगते. आणि वकीलबाई, जे कोणी हे ऐकून राहिले असतीन त्यांनी बी ऐका. दही-बिही काही नाही. माही पोरगी आहे. तिले मारत होते, ते आमी एकमेकींले सांगत होतो. झालं? आता लिहून घ्या."

फोन ठेवल्याचा आवाज झाला.

साहेबांनी हेडफोन काढला आणि ते माझ्याकडे वळले. सुपरवायझर बाई लांबून पाहत होत्या. 

"हिला कसं कळलं की कुणी ऐकतंय?"

"साहेब, हल्ली सगळ्यांनाच तसं वाटतं," मी म्हटलं. हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते खरं होतं, म्हणून निघालं असावं.

 मग त्यांनी खिशातून डायरी काढली, काहीतरी खोडलं, आणि जांभई दाबत म्हणाले, "एवढंच होतं होय?"

त्या तीन शब्दांचा राग मला आजही येतो. त्या दिवशी मात्र मला सुटल्यासारखंच वाटलं होतं, हेही इथे लिहायला हवं.

बाबा दुसऱ्या दिवशी उजाडताच घरी आले. सदऱ्याची बाही फाटली होती. दुकानासमोर थोडी झोंबाझोंबी झाली, एवढंच त्यांनी सांगितलं. तिथल्या लोकांनी नाव विचारलं तेव्हा त्यांनी "मुलीचा मामा" असं सांगितलं होतं. बाबा खोटं बोलू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

पण भीती त्यानंतरही राहिली. ती मुलगी ज्या म्हाताऱ्यासोबत आली तो कोण, असं कुणीतरी एक दिवस विचारेल, याची मी वाट पाहत असे. घरासमोर सायकल थांबली की मी भांडी घासायची थांबायचे. कुणी विचारलं नाही. वही माझ्यापुढे आणखी वर्षभर येत राहिली, मी त्यात "घरगुती बोलणं" लिहीत राहिले आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. मग आणीबाणी उठली, वकील परत आले, आणि एका सकाळी वही कुणीतरी घेऊन गेलं. कुठे नेली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

पाच-सहा वर्षांनी, बाबा गेल्यानंतर, एका रविवारी ती लेक आमच्या घरी आली. पत्ता तिला आईने दिला होता. डावं मनगट किंचित वाकडंच बसलं होतं. रामटेकजवळच्या एका शाळेत ती शिवण शिकवत होती. बाबांच्या फोटोसमोर ती थोडा वेळ उभी राहिली, मग समोर बसून म्हणाली, "मले एक पुसायचं होतं. तुम्ही माझं काय काय ऐकलं ते सगळं सांगा."

"आता कशाला?"

"माझं आहे ते. तुम्हाला माहीत आहे अन् तुम्हाला काय माहीत आहे ते मले माहीत नाही, असं नको."

मी सांगायला लागले. आठवेल तसं, गुरुवारमागून गुरुवार. घट्ट, आंबट, दोनदा नासलं. ती मान खाली घालून ऐकत होती. रडण्याच्या त्या दिवसापाशी मी अडखळले.

"तेही?" तिने विचारलं.

"तेही."

तिने वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "आईनं त्या दिवशी संत्र्याच्या बहाराचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत संत्र्याचं झाडच नाही." ती पहिल्यांदा हसली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. मी उठून चहा ठेवला, तिला एकटं बसता यावं म्हणून.

"ती वही आता कुठं आहे?" चहा घेताना तिने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे कुठं तरी आहे."

"हो."

तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही तसं मागितलं नाही. जाताना दारात चपला घालता घालता तिने विचारलं, "आईनं फोनसाठी अर्ज केला होता. नंबर लागला म्हणतात. घ्यावा का?"

तेरा वर्षं मी लोकांना एकमेकांशी जोडून दिलं होतं, पण हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

"घ्या," मी म्हटलं. "पण जिवाचं काही असलं, तर भेटून बोला."

तिने मान हलवली आणि ती बसच्या दिशेने चालू लागली. ती वळणापर्यंत जाईस्तोवर मी दारात उभी होते.